७२१ की ३०१? कुट्टकाची कथा

अशी संख्या कोणती, जिला २, ३, ४, ५ आणि ६ यांपैकी कशानेही भागले तर बाकी १ उरते, पण ७ ने भागले तर काहीच उरत नाही?

शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावपुस्तकातला वाटावा असा हा प्रश्न इ.स. ६२९ मधील एका संस्कृत ग्रंथात आहे. विचारणाऱ्याचे नाव भास्कर. ‘लीलावती’चे कर्ते भास्कराचार्य ते हे नव्हेत, हा त्यांच्या पाचशे वर्षे आधीचा. घोटाळा टळावा म्हणून इतिहासकार त्याला ‘पहिला भास्कर’ म्हणतात. आर्यभटाच्या ग्रंथावर भाष्य लिहिताना त्याने हे उदाहरण घातले आणि उत्तर दिले : ७२१.

उत्तर बिनचूक आहे. ७२० ला २ ते ६ पर्यंतची प्रत्येक संख्या निःशेष भागते, म्हणून ७२१ मध्ये प्रत्येक वेळी १ उरतो; आणि ७ × १०३ = ७२१. तरीही पुढे सुमारे सहाशे वर्षांनी त्याच आर्यभटीयावर टीका लिहिणाऱ्या सूर्यदेव यज्व्याने वेगळ्या रीतीने हाच प्रश्न सोडवला आणि त्याला ३०१ मिळाले. तेही बिनचूक! दोन्ही उत्तरांतला फरक ४२०, म्हणजे २ ते ७ या सर्व संख्यांचा लसावि.

एकाच प्रश्नाची दोन खरी उत्तरे कशी, हे समजून घ्यायचे तर आधी असले प्रश्न त्या काळच्या विद्वानांना का पडत होते ते पाहावे लागते. ते कोडी घालण्यासाठी जन्मले नव्हते. त्यांचा उगम पंचांगात आहे.

सूर्याची गती एक, चंद्राची दुसरी. दोघांचे चक्र पुन्हा एकाच ठिकाणी केव्हा जुळेल, हा कालगणनेचा मूळ प्रश्न आहे आणि त्याचे रूप साधारण विभाज्याचे आहे. वेदांगज्योतिषाने त्याचे उत्तर पाच वर्षांच्या युगात शोधले : १८३० दिवस, त्यांत ६२ चांद्रमास आणि चंद्राच्या नक्षत्रमंडळातील ६७ फेऱ्या. पाच सौर वर्षांचे ६० महिने, चांद्रमास ६२. म्हणून युगात दोन अधिकमास. हिशेब सुटसुटीत आहे, पण खरी पाच सौर वर्षे १८२६ दिवसांहून थोडीच मोठी असतात. प्रत्येक युगात साडेतीन दिवसांहून अधिक चूक साचत जाणार. गुढीपाडव्याला आपण ज्या साठ संवत्सरांपैकी एकाचे नाव ऐकतो, ते चक्रही याच घडणीचे आहे : गुरूची एक फेरी सुमारे बारा वर्षांची, युग पाच वर्षांचे, आणि बारा व पाच यांचा लसावि साठ.

दोन-तीन चक्रे जुळवायला लहान युग पुरते. पण सूर्य, चंद्र, मंगळ, बुध, गुरू, शुक्र, शनी, सगळेच एका बिंदूवर आणायचे असतील तर? आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये यासाठी ४३,२०,००० वर्षांचे महायुग वापरले. त्यात दिवस १,५७,७९,१७,५००, चंद्राच्या फेऱ्या ५,७७,५३,३३६, गुरूच्या ३,६४,२२४, शनीच्या १,४६,५६४. या आकड्यांत एक मौज दडलेली आहे. ते सगळे ४ ने निःशेष भागले जातात. म्हणजे संपूर्ण महायुग थांबण्याची गरज नाही. दर १०,८०,००० वर्षांनी सर्व ग्रहांची मध्यम स्थाने मेषारंभी एकत्र येतात. आर्यभटाचे चारही युगपाद म्हणूनच सारख्या लांबीचे आहेत. स्मृतिग्रंथांत मात्र कृत, त्रेता, द्वापर, कली ही युगे ४ : ३ : २ : १ या प्रमाणात लहान होत जातात. आर्यभटाने परंपरेचे हे प्रमाण मोडले, याबद्दल ब्रह्मगुप्ताने पुढे त्याला धारेवर धरले.

हे महायुग कोणी मोजून काढले नव्हते, हे सांगायलाच हवे. ग्रहांच्या गतींना नेमका साधारण विभाज्य असेलच, अशी निसर्गाची हमी नाही. प्रत्यक्ष वेधांशी जवळपास जुळतील आणि तरीही पूर्णांक राहतील असे फेऱ्यांचे आकडे निवडायचे, त्यासाठी युग पुरेसे मोठे घ्यायचे, अशी ती युक्ती होती. तिचा लाभ मोठा. कलियुगाचा आरंभ, इसवी सनपूर्व ३१०२ मधील १८ फेब्रुवारी, हा शून्य दिवस धरला की तेव्हापासून लोटलेल्या दिवसांच्या संख्येवरून कोणत्याही ग्रहाचे मध्यम स्थान त्रैराशिकाने निघते. या दिवससंख्येला ‘अहर्गण’ म्हणतात. अहर्गणाला फेऱ्यांनी गुणा, युगाच्या दिवसांनी भागा. भागाकार म्हणजे ग्रहाने पूर्ण केलेल्या फेऱ्या. बाकी म्हणजे चालू फेरीत तो कुठवर आला आहे ते.

पंचांग करणाऱ्याला खरे काम या बाकीशीच असते.

आता प्रश्न उलटा करा. बाकी दिली आहे, दिवस कोणता? पहिल्या भास्कराचे एक उदाहरण असे : शनीची शेष बाकी २४ आहे, तर अहर्गण किती? शनीच्या फेऱ्या आणि युगदिवस दोन्ही ४ ने भागून ३६,६४१ आणि ३९,४४,७९,३७५ हे आकडे मिळतात. हवी ती दिवससंख्या अशी, की तिला ३६,६४१ ने गुणून २४ वजा केल्यावर ३९,४४,७९,३७५ ने निःशेष भाग जावा. एकेक दिवस घेऊन तपासत बसणाऱ्याच्या कित्येक पिढ्या खपतील. उत्तर आहे ३४,६६,८८,८१४ दिवस, आणि तोवर शनीच्या पुऱ्या फेऱ्या ३२,२०२. आज कागद-पेन्सिल किंवा मोबाइल घेऊन ताळा पाहता येईल. एका एककाचाही फरक पडत नाही.

या उत्तराकडे आणखी एकदा पाहण्यासारखे आहे. ३४ कोटींहून अधिक दिवस म्हणजे सुमारे नऊ लाख एकोणपन्नास हजार वर्षे. भास्कराने भाष्य लिहिले तेव्हा कलियुगाची जेमतेम ३७३० वर्षे झाली होती. म्हणजे शनीची बाकी २४ दाखवणारा तो दिवस अजून नऊ लाखांहून अधिक वर्षे दूर आहे. शिवाय ३९ कोटी भागांतले २४ भाग कोणत्याही यंत्राने मोजता येणार नाहीत. तेव्हा असली उदाहरणे वेधशाळेसाठी नव्हती. ती शिष्याचा हात तयार करण्यासाठी आणि प्रतिस्पर्ध्याला सभेत निरुत्तर करण्यासाठी होती. उपयुक्ततेचा दावा करताना आजचे उत्साही लेखक हे विसरतात.

हा उलटा प्रश्न सोडवण्याची रीत आर्यभटाने गणितपादाच्या शेवटच्या दोन श्लोकांत सांगितली. फक्त दोन! त्यांत ‘कुट्टक’ हे नावही नाही. शब्द इतके आवळलेले की गुरूवाचून अर्थ लागू नये. एका ठिकाणी ‘मति’ असा शब्द येतो. म्हणजे येथे बुद्धीने योग्य अशी एक संख्या निवडावी. कशी, ते सांगितलेले नाही. आर्यभट आणि पहिला भास्कर यांच्यामध्ये १३० वर्षांचे अंतर आहे, आणि आज ही रीत आपल्याला कळते ती मुख्यतः भास्कराने उदाहरणांमागून उदाहरणे देऊन ती उलगडली म्हणून. ‘कुट्टक’ म्हणजे कुटणारा, चूर्ण करणारा. मराठीतले ‘कुटणे’ त्याच धातूचे. मोठ्या संख्या परस्परांना भागत भागत इतक्या बारीक करायच्या की उत्तर नजरेने दिसावे.

भास्कराचेच एक लहान उदाहरण घेतले म्हणजे ही चाल स्पष्ट होते. एका संख्येला ८ ने भागले तर बाकी ५, ९ ने भागले तर ४, आणि ७ ने भागले तर १. संख्या कोणती? तीन अटी एकदम हाताळायच्या नाहीत. आधी पहिल्या दोन घ्याव्यात. ८ ने भागून ५ उरणाऱ्या संख्या ५, १३, २१, २९...; ९ ने भागून ४ उरणाऱ्या ४, १३, २२... १३ दोन्हींकडे आहे. येथून पुढे दोन्ही अटी पुन्हा एकदम जुळतील त्या ८ आणि ९ यांच्या लसाविएवढ्या, म्हणजे ७२ च्या टप्प्यांनी : १३, ८५, १५७... अशा रीतीने दोन अटींची एकच अट झाली : ‘७२ ने भागल्यास बाकी १३’. या नव्या बाकीला आर्यभटाने दिलेले नाव ‘द्विच्छेदाग्र’, दोन छेदांची मिळून एक बाकी. आता ती तिसऱ्या अटीशी भिडवायची. १३ ला ७ ने भागले तर ६ उरतात, जमत नाही. ८५ ला भागले तर १ उरतो. उत्तर ८५. पुढचे उत्तर हवे असल्यास ७२ × ७ = ५०४ मिळवा : ५८९. अटी चार असोत की चाळीस, दोन-दोन मिळून एक करत जायचे.

या रीतीने सुरुवातीच्या प्रश्नाकडे परत जाता येते. २ ते ६ सर्वांनी भागून १ उरायचा असेल तर संख्या ‘त्यांचा साधारण विभाज्य अधिक एक’ अशी असणार. लघुत्तम विभाज्य ६० घेतला तर ६१, १२१, १८१, २४१, ३०१ अशी ओळ लागते आणि पाचव्या पायरीवर ७ चा भाग जातो. पण लसावि न काढता सर्वांचा सरळ गुणाकार घेतला, २ × ३ × ४ × ५ × ६ = ७२०, तर पहिल्याच पायरीवर ७२१ येते आणि तेही ७ ने सुटते. दोन उत्तरांमधली दरी ही एवढीच : एकात लसावि, दुसऱ्यात साधा गुणाकार. ७२० हाही साधारण विभाज्यच. म्हणून उत्तर चुकत नाही. फक्त ते सर्वांत लहान राहत नाही.

लसावि ही स्वतंत्र कल्पना म्हणून नावासह पुढे आणण्याचे श्रेय जैन गणिती महावीराचार्यांकडे जाते. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळात, इ.स. ८५० च्या सुमारास, त्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचा गुणाकार घेत बसू नये, त्यांचा ‘निरुद्ध’ काढावा, असे त्यात सांगितले आहे. निरुद्ध म्हणजेच आपला लसावि. शाळेतल्या तीन रूक्ष शब्दांच्या आद्याक्षरांऐवजी हा एक शब्द टिकला असता तर बरे झाले असते.

७२१ चा प्रवास येथे थांबत नाही. नेमका हाच प्रश्न, २ ते ६ ने भागून १ आणि ७ ने भागून शून्य, इ.स. १००० च्या सुमारास अरब गणिती इब्न अल-हैथम याच्याकडे भेटतो आणि १२०२ मध्ये इटलीच्या फिबोनाचीच्या ग्रंथात. इब्न अल-हैथमनेही ७२१ हे उत्तर काढले, तेही सर्व संख्यांचा गुणाकार करून त्यात एक मिळवून. प्रश्न भारतातून तिकडे गेला असे या साम्यावरून सहज म्हणता येईल. पण साम्य हा पुरावा नव्हे, आणि संख्या इतक्या लहान व सुबक आहेत की दोन माणसांना तो स्वतंत्रपणे सुचणे अशक्य नाही.

हाच संयम दुसऱ्या दिशेनेही पाळायला हवा. आजच्या पाठ्यपुस्तकांत या सिद्धांताला ‘चिनी शेषसिद्धांत’ म्हणतात आणि त्यावरून समाजमाध्यमांवर अधूनमधून राष्ट्राभिमानाची रणधुमाळी माजते. चीनचा हक्क खोटा नाही. तिसऱ्या ते पाचव्या शतकांच्या दरम्यान रचलेल्या सुन्झीच्या गणितग्रंथात असा प्रश्न आहे : ३ ने भागून बाकी २, ५ ने भागून ३, ७ ने भागून २. उत्तर २३. हा ग्रंथ आर्यभटाच्या आधीचा असण्याचा संभव मोठा. मात्र सुन्झीच्या ग्रंथात हा एकच प्रश्न आणि त्याच आकड्यांपुरती रीत आहे. वाटेल त्या आकड्यांना लागू पडणारी पद्धत चीनमध्ये छिन ज्युशाव याने १२४७ मध्ये मांडली. आर्यभटाचे दोन श्लोक मात्र ४९९ मध्येच सर्वसाधारण रीत सांगतात. दुसरा फरक असा, की सुन्झीच्या ३, ५, ७ यांत कोणताही सामायिक विभाजक नाही, तर भास्कराच्या २, ३, ४, ६ यांत आहे, आणि तेथे अटी एकमेकींशी भांडू शकतात. गंमत म्हणजे चीनमध्येही या गणिताच्या मुळाशी पंचांगच होते.

ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये, म्हणजे पहिल्या भास्कराच्या भाष्याच्या केवळ एक वर्ष आधी, ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ लिहिला. त्याच्या अठराव्या अध्यायात सगळे बीजगणित आहे आणि अध्यायाचे नाव आहे ‘कुट्टकाध्याय’. कुट्टकावाचून प्रश्न प्रायः सुटत नाहीत, असे तो आरंभीच बजावतो. एका शाखेचे नाव संपूर्ण बीजगणिताला मिळावे, एवढा तिचा दबदबा होता.

या परंपरेची सर्वांत स्वच्छ मांडणी सह्याद्रीच्या परिसरात झाली. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘लीलावती’त कुट्टकाला स्वतंत्र प्रकरण दिले आणि ‘बीजगणित’ या ग्रंथात ते पुन्हा घेतले. त्यांचे पहिले उदाहरण : २२१ ला कोणत्या संख्येने गुणून ६५ मिळवले असता १९५ ने निःशेष भाग जाईल? प्रथम तिन्ही संख्यांना १३ ने भागून टाका : १७, ५, १५. आता १७ ला १५ ने भागले, भागाकार १, बाकी २. १५ ला २ ने भागले, भागाकार ७, बाकी १. कुटणे संपले. भागाकार एकाखाली एक लिहा, त्याखाली मिळवायची संख्या ५ आणि तिच्याखाली शून्य : १, ७, ५, ०. या उभ्या ओळीचे नाव ‘वल्ली’, वेल. वेल खालून वर वाचायची. ५ ला वरच्या ७ ने गुणून खालचे ० मिळवले, ३५. ३५ ला वरच्या १ ने गुणून खालचे ५ मिळवले, ४०. उरले ४० आणि ३५. ४० मधून १७ जितक्या वेळा जातील तितक्या वेळा काढले, ६ राहिले. ३५ मधून १५ तसेच काढले, ५ राहिले. गुणक ५, भागाकार ६. ताळा : २२१ × ५ = ११०५, त्यात ६५ मिळवून ११७०, आणि १९५ × ६ = ११७०. भागाकारांची संख्या विषम आली तर मिळालेली उत्तरे अनुक्रमे १७ आणि १५ मधून वजा करायची, एवढीच पुस्ती. ‘मति’ने निवडायचे काही उरले नाही. आर्यभटाच्या श्लोकांत जे बुद्धीवर सोपवले होते, ते येथे हात चालवणाऱ्या कोणालाही जमेल असे झाले.

त्याच प्रकरणात एक इशारा आहे आणि तो आजच्या विद्यार्थ्यालाही उपयोगी पडेल. गुणायची संख्या आणि भाजक यांना एखादी संख्या भागते, पण मिळवायच्या संख्येला ती भागत नाही, तर प्रश्नच ‘दुष्ट’ आहे. उत्तर शोधत बसू नये. २२१ आणि १९५ दोन्ही १३ ने भागले जातात; तेव्हा ६५ च्या जागी ६४ असते तर जगातल्या कोणत्याही गुणकाने भाग गेला नसता. उत्तर नसलेला प्रश्न ओळखणे हाही गणिताचा भाग आहे, हे भास्कराचार्यांनी नियमात बांधून टाकले.

प्रकरणाच्या अखेरीस ते पुन्हा आकाशाकडे वळतात. ग्रहाचे स्थान राशी, अंश, कला, विकला यांत काढताना सर्वांत शेवटी विकलांच्याही खाली एक बाकी उरते. बाकी सगळे पुसले गेले आणि तेवढीच शिल्लक राहिली, तर? कुट्टकाने तिच्यापासून विकला आणि कलांची बाकी निघते; त्या बाकीपासून कला आणि अंशांची बाकी; मग अंश, राशी, फेऱ्या आणि शेवटी अहर्गण. टाकून देण्यासारख्या शेवटच्या तुकड्यातून संपूर्ण ग्रह आणि त्याचा दिवस परत उभा राहतो.

ही विद्या पोथीत पडून राहू नये, याची तजवीज भास्कराचार्यांच्या घराण्याने केली. त्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे त्याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला. तेथील निकुंभ घराण्याच्या सोइदेवाने त्याला दान दिले. १२०७ सालचा तो शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी १८६५ मध्ये विद्वानांपुढे आणला. दानाची तिथी श्रावण पौर्णिमा, चंद्रग्रहणाची वेळ, संवत्सर प्रभव, साठांच्या चक्रातले पहिले.

लेखाचा बराच भाग संस्कृतात आहे, पण देण्याघेण्याचा तपशील आला की भाषा बदलते आणि जुनी मराठी सुरू होते. सिद्धांतशिरोमणीचे गौरव पंडितांसाठी. कर कोणी किती द्यायचा हे मात्र बाजारातल्या माणसाला कळायला हवे. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावरचा, राजाला मिळणारा वाटा मठाला दिला, असे त्या ओळी सांगतात. आणि तेलाच्या घाण्यांकडून मठासाठी ठरावीक माप तेल.